बेवारस पाठ्यपुस्तक

पुस्तक फुकट आहे, हे आम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. चूक तिथेच झाली.

बातमीच्या हिशेबाने ती चूक नव्हती. पस्तीस वर्षं मी दिल्लीत वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात आधी सांगायची, हे तिथे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात. प्राध्यापकांपुढे मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी, चहाचे कप उचलले जाताना, सहज आठवल्यासारखी सांगायची असते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुस्तक आमच्या तनयाचं. ती नोएडाच्या बाजूला एका स्वायत्त कॉलेजात सांख्यिकी शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिची नोकरी चालू आहे. तिथे पहिल्या वर्षाला लावलेलं पुस्तक अकराशे रुपयांचं होतं. त्यातली उदाहरणं बेसबॉलच्या सामन्यांची आणि कुठल्याशा परगण्यातल्या बर्फाची. निम्मा वर्ग ते विकत घेत नसे. मागच्या तीन रांगा नुसत्या ऐकत बसायच्या, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी पुस्तकाच्या पानांचे फोटो फोनवर फिरायचे. त्यातली अर्धी पानं अंगठ्याने झाकलेली असत. तीन वर्षांपूर्वी या विषयात चाळीस टक्के मुलं नापास झाली. त्यातल्या दोघी कॉलेज सोडून गेल्या. तेव्हापासून तनया या पुस्तकाच्या मागे लागली होती.

दुसऱ्या शहरांतल्या चार शिक्षकांना सोबत घेऊन तिने दोन उन्हाळ्यांत नवं पुस्तक तयार केलं. उदाहरणं मेट्रोच्या गर्दीची, आझादपूर मंडीतल्या कांद्याच्या भावाची, दिवाळीनंतरच्या धुराची. पुस्तक खुलं होतं. म्हणजे कोणीही वाचा, छापा, वाटा, सुधारा. फक्त मूळ लेखकांची नावं ठेवा. आता एकच गोष्ट राहिली होती. जूनमधल्या विभाग समितीच्या बैठकीत ते अधिकृत यादीत लागायला हवं होतं. एका विभागाची यादी तीन वर्षांतून एकदाच बदलते, आणि दर विभागाची पाळी वेगळी असते. या जूनला हुकलं तर आणखी तीन वर्षं अंगठे.

"बाबा, तुम्ही फक्त प्रुफं बघा आणि एका पानाचं निवेदन लिहून द्या," तनया म्हणाली.

"हे मला सांगायला हवं का?" मी म्हणालो. "तुझी डेडलाईन काय ती सांग."

"यांनी डेडलाईन विचारली की मला धडकी भरते," वृंदा आतून म्हणाली. वृंदा माझी पत्नी. "बाथरूमच्या टाइल्सचीही विचारली होती."

टाइल्सचा विषय वेगळा होता. तो पुन्हा केव्हातरी.

मे महिन्यात तनयाने निवेदन विभागात वाचलं. विभागात प्रमुख डॉ. भसीन आणि तनया धरून सहा जण. पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"फ्री है?"

"बिल्कुल फ्री, सर."

"तो कैच क्या है?"

"कैच कुछ नहीं है, सर."

"पब्लिशर कौन है?"

"कोई नहीं. हम पाँच टीचर्स ने मिलकर लिखी है. कोई भी इसे बदल भी सकता है."

भसीन साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मतलब लावारिस है."

तनयाने खुल्या पुस्तकाचा परवाना म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यावर दुसऱ्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की विद्यार्थ्याने सूत्रच बदललं आणि पेपरात ते लिहिलं तर मार्क द्यायचे का? यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी भसीन साहेब प्रेमाने म्हणाले, "बेटा, काम अच्छा है. पर मीटिंग में रखने के लिए स्पेसिमेन कॉपी तो लाओ. कंप्यूटर की फाइल टेबल पर थोड़े ही रखी जाती है."

ही नमुना प्रत म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. पुस्तक कंपन्यांचे प्रतिनिधी उन्हाळ्यात कॉलेजांतून फिरतात आणि प्रत्येक प्राध्यापकाला नव्या पुस्तकाची एक प्रत देतात. आत शिक्का असतो: विक्रीसाठी नाही. सोबत एक डायरी असते, कधी पेन, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा. त्यामुळे भसीन साहेबांनी पदरचे पैसे मोडून शेवटचं पुस्तक घेतलं, तेव्हा ते एम.एस्सी. करत होते. अकराशेचं पुस्तक त्यांना फुकटच मिळत होतं आणि आमचंही फुकटच होतं. मग बदलायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. उलट जुन्या फुकटाबरोबर डायरी येत होती.

सल्ले सुरू झाले ते इथून. आमच्या खालच्या मजल्यावर ज्ञानोबा शेळके राहतात. मूळचे परभणीचे, एका मंत्रालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद मानला जात नाही.

"दीनानाथराव, शून्य किमतीच्या वस्तूची फाईल हलत नाही," ते म्हणाले. "शून्याला बजेट हेड नसतं. आमच्याकडे एका संस्थेने पंखे दान दिले होते. अडीच वर्षं फाईल फिरली. शेवटी आम्ही पंखे विकत घेतले आणि दानाचे परत पाठवले."

"मग काय करू?"

"किंमत टाका. नऊशे नव्याण्णव छापा आणि वर शंभर टक्के सूट द्या."

हे मला तत्त्वतः पटलं नाही. रविवारी मी कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खायला गेलो. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपल्याकडची मुलं भेटतात. त्यातल्या हिंगोलीच्या प्रतीकने सगळं ऐकून घेतलं आणि पाव मोडत म्हणाला, "काका, फ्री आहे म्हणू नका ना यार. लीक झालंय म्हणा. संध्याकाळपर्यंत करोलबागेतल्या अख्ख्या क्लासेसमध्ये पोचतं की नाही बघा."

हेही तत्त्वतः पटलं नाही. तत्त्वतः मला जे पटलं ते असं: सहा सुबक नमुना प्रती छापून घ्यायच्या आणि त्या बैठकीत ठेवायच्या. छपाईचं मला कळतं, असा माझा समज होता.

पटपडगंजच्या औद्योगिक वसाहतीत गर्गजींचा छापखाना आहे. भिंतीवर कॅलेंडरं, टेबलावर आरत्यांच्या आणि चालिसांच्या छोट्या पुस्तिकांचे गठ्ठे. मी माझं काम सांगितलं.

"रेट क्या डालूँ, भाईसाहब?" गर्गजींनी विचारलं.

"रेट नहीं है. मुफ़्त में बाँटनी है."

गर्गजींनी माझ्याकडे एकदम आदराने पाहिलं. खुर्ची पुढे सरकवली. पाणी मागवलं. "बड़ा पुण्य का काम है. किनकी तरफ़ से है?"

"बेटी की तरफ़ से."

"बेटी की तरफ़ से! भगवान ऐसी औलाद सबको दे. शुभ नाम लिखवाइए."

बिलासाठी असेल, म्हणून मी नाव सांगितलं. दीनानाथ टिपणीस. स्पेलिंग दोनदा तपासून घेतलं, कारण दिल्लीत माझं आडनाव टिपनीस, टिपीनिस आणि एकदा तर टिफिनिस असंही छापून आलेलं आहे.

"तारीख?"

"बारा जून," मी ठासून सांगितलं. "बारा म्हणजे बाराच. उसमें कोई बदल नहीं होगा."

"इसमें बदल कौन कर सकता है, भाईसाहब," गर्गजी हळू आवाजात म्हणाले. "फोटो देंगे? लोग लगवाते हैं."

"फोटो-बिटो काही नको. सादा रखिए."

"सादगी-पसंद थे. समझ गया."

त्या ‘थे’कडे माझं लक्ष गेलं नाही. ज्या माणसाने मंत्र्यांच्या भाषणांतले काळ सुधारले, त्याचं गेलं नाही. मी तेव्हा कागदाची जाडी बघत होतो.

तीनशे बारा पानांची प्रुफं मी स्वतः तपासली. स्वल्पविराम सोडला नाही. सहा प्रती बारा तारखेला बांधून तयार झाल्या आणि पंधराला, बैठकीच्या दिवशी सकाळी, गर्गजींच्या टेम्पोने थेट कॉलेजात पोचल्या. शिपायाने पुडकं सोडून प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक प्रत ठेवली. यापुढची हकिगत तनयाने सांगितली तशी देतो.

भसीन साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, वजन पाहिलं, पहिलं पान उघडलं आणि ते थांबले. त्यांनी तनयाकडे पाहिलं. मग शेजारच्यांनी पान उघडलं, तेही थांबले. खोलीतला पंखा सोडला तर सगळंच थांबलं. आपल्या पुस्तकाचा एवढा परिणाम का व्हावा, हे तनयाला कळेना. तिने स्वतःची प्रत उघडली. नामपानाच्या आधी, काळ्या चौकटीत, खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक समई आणि मध्ये मजकूर:

स्व. श्री दीनानाथ टिपणीस (निधन: १२ जून) की पुण्यस्मृति में उनकी सुपुत्री की ओर से सप्रेम भेंट.

टिपणीस अगदी बरोबर छापलं होतं.

यात गर्गजींचा काहीही दोष नाही, हे मी नंतर शांतपणे विचार करून मान्य केलं आहे. दिल्लीत पुस्तक फुकट वाटतात ते कोणी गेलं म्हणूनच. त्यांच्या छापखान्यात जिवंत माणसाने मोफत पुस्तक छापल्याचं एकही उदाहरण नव्हतं. प्रुफं तपासून झाल्यावर ते पान त्यांनी आपल्याकडून, एक पैसा जास्त न घेता, जोडलं होतं.

"सर, ये ग़लती से—" तनया उठली.

भसीन साहेब खुर्चीवरून उठून तिच्यापर्यंत आले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कुछ मत बोलो, बेटा. आज तो चौथा होगा. चौथे के दिन तुम किताब लेकर मीटिंग में आई हो!"

"सर, पापा—"

"बैठो. पानी लाओ भई कोई."

सगळे उभे राहिले. दोन मिनिटं मौन पाळण्यात आलं. मौन पाळणाऱ्या माणसांना मध्येच अडवून मयत मनुष्य घरी कांदा चिरतोय, हे सांगायला एक वेगळ्या प्रकारचं धैर्य लागतं. ते माझ्या मुलीत नाही. माझ्यातही नाही. मौन संपताच भसीन साहेबांनी ठराव मांडला, की हे पुस्तक जसं सादर झालं त्याच रूपात मुख्य पाठ्यपुस्तक म्हणून लावावं. विरोध कोणी केला नाही. सूत्र बदललं तर काय, असं मागे विचारणाऱ्या प्राध्यापकांनी तर अनुमोदन दिलं.

तनया सोडून सांख्यिकीचे पाच जाणकार त्या खोलीत होते. बारा तारखेला वारलेल्या माणसाच्या स्मृतीचं तीनशे पानी पुस्तक पंधरा तारखेला बांधून टेबलावर कसं आलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

तनया संध्याकाळी घरी आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "बाबा, एक चांगली बातमी आहे आणि एक... तुम्ही आधी बसा."

मी बसलो. तिने सांगितलं. वृंदाने पुस्तक हातात घेऊन ते पान दोनदा वाचलं. मी तिच्या चेहऱ्यावर दुःखाची एखादी छटा शोधत होतो.

"समया छान आल्यात," ती म्हणाली.

"तुला यात एवढंच दिसतं?"

"सुपुत्री म्हटलंय. पत्नीचा कुठे उल्लेख नाही. पस्तीस वर्षं डबा कोणी दिला?"

रात्रीच्या जेवणाला ज्ञानोबा आले, ते आधी पान पाहून आणि मग मला पाहून खूश झाले. "ठराव झाला ना? मग आता गडबड करू नका. पुढच्या बैठकीत कार्यवृत्ताची पुष्टी होईल. तोवर जरा कमी दिसा."

"मी कमी दिसू? माझ्याच घरात?"

"गच्चीवर फिरा. कॉलेजची माणसं गच्चीवर येत नाहीत."

"मुळीच नाही," तनया म्हणाली. "मी उद्या सरांना फोन करून खरं सांगते."

तिने फोन केला. भसीन साहेबांनी पहिल्या शब्दालाच "हिम्मत रखो बेटा, हम सब तेरहवीं पे आ रहे हैं" म्हणून ठेवला. मग तिने मेसेज लिहिला: सर, पापा ठीक हैं. उत्तर आलं: हाँ बेटा, जहाँ भी हैं, ठीक ही होंगे. पुढे हात जोडलेले.

आता समोरासमोर सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी ठरवलं, की दुरुस्ती लेखी द्यायची. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापतात. तसाच छोटा, कोरडा मजकूर. पहिला मसुदा ‘मी अद्याप जिवंत आहे’ असा झाला. मग मी ‘अद्याप’ खोडलं. त्यातून परिस्थिती लवकरच बदलेल असं सूचित होत होतं.

"ते येतील तेव्हा तुम्ही खोलीत थांबा," वृंदा म्हणाली. "आधी तनया बोलेल, मग तुम्ही या. एकदम समोर आलात तर त्या माणसाला काही व्हायचं. आणि एक सांगून ठेवते, मी पांढरं-बिंढरं काही नेसणार नाही. कुंकू तर मुळीच पुसणार नाही तुमच्या पीडीएफसाठी."

"कोणी सांगितलंय पुसायला?"

"शेळके भावजी म्हणत होते, निदान टिकली छोटी लावा."

तेराव्याचा दिवस उजाडला. माझा तेरावा असूनही घरात गोडाचं काही नव्हतं, म्हणून मला श्रीखंड आणायला पाठवण्यात आलं. परत येताना लिफ्टमध्ये शिरलो, तर मागोमाग एक गृहस्थ आत आले. पांढरा कुर्ता, हातात फळांची करंडी.

"भाईसाहब, स्वर्गीय टिपणीस जी का फ़्लैट कौन-सा है?"

भसीन साहेबांना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. माहिती विचारली तर ती अचूक द्यावी, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

"तीन सौ चार."

"आप जानते थे उन्हें?"

"जी. थोड़ा-बहुत."

"कैसे आदमी थे?"

हा प्रश्न माणसाला सहसा विचारत नाहीत. मी श्रीखंडाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "काम के पक्के थे," मी म्हणालो. "ग़लती बर्दाश्त नहीं करते थे."

"हाँ, बिटिया को देखकर लगता है. बीमार थे?"

"नहीं. एकदम अचानक हुआ. उन्हें ख़ुद पता नहीं चला."

भसीन साहेबांनी मान हलवली. तिसरा मजला आला. दार उघडलं, आणि समोर ज्ञानोबा उभे. ते मला गच्चीवर न्यायलाच आले होते. "अहो दीनानाथराव, कुठे होता तुम्ही? माणसं यायची वेळ झाली आणि तुम्ही मोकळे हिंडताय! दीनानाथ टिपणीस म्हणजे—" एवढं बोलले आणि त्यांना करंडी दिसली.

भसीन साहेबांना मराठी येत नव्हती. पण नाव ते नाव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"आप... हैं?"

"हूँ," मी म्हणालो आणि खिशातून लेखी खुलासा काढून दिला. मजकूर मराठीत होता, हे ते पहिल्याच ओळीत अडखळल्यावर माझ्या लक्षात आलं.

घरात पाणी, मग चहा, मग पोहे झाले. तनयाने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. छापखाना, तारीख, मौन. "सर, मैंने बताने की कोशिश की थी. मुझे उसी वक़्त ज़ोर से बोलना चाहिए था. आप आइटम कैंसिल कर दें तो मैं समझूँगी," ती म्हणाली आणि उठली. ती स्वयंपाकघरात गेली. मागच्या तीन रांगा तिच्या डोळ्यांपुढे असाव्यात.

भसीन साहेब रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारलं आणि गंभीरपणे विचारलं, "मिनट्स का क्या करें?"

"मतलब?" मी विचारलं.

"मिनट्स यूनिवर्सिटी को जा चुके हैं. उसमें लिखा है स्वर्गीय. अब अगर लिखूँ कि ज़िंदा हैं, तो आइटम रीओपन होगा. आइटम रीओपन हुआ तो किताब रीओपन होगी. और इस बार, बुरा मत मानिए, लोग खड़े नहीं होंगे."

फाईल म्हटल्यावर ज्ञानोबा खुर्ची ओढून पुढे सरकले. "सर, ‘स्व.’ को टाइपिंग मिस्टेक दिखा दीजिए. एक अक्षर का मामला है."

"स्व. टाइपिंग मिस्टेक हो सकता है," भसीन म्हणाले. "निधन की तारीख भी मान लो हो सकती है. पर दो मिनट का मौन टाइपिंग मिस्टेक कैसे होगा, शेळके जी? छह लोग खड़े थे."

ज्ञानोबांनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. चाळीस वर्षांत प्रथमच असेल.

"तो पन्ना निकालकर छाप देते हैं," मी म्हणालो. "अगली कॉपियों में वो पन्ना रहेगा ही नहीं."

"रेज़ोल्यूशन में है, जैसी प्रस्तुत हुई उसी रूप में. अंदर के सवाल-जवाब आप सुधारते रहिए, उस पर कोई नहीं पूछेगा. पहला पन्ना नहीं बदल सकता." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "टिपणीस जी, फ़ैसला आपका है. आप कहें तो मैं कल ही सुधार भेज देता हूँ. आपका हक़ है."

सगळे माझ्याकडे बघू लागले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी माझ्या खुलाशाकडे पाहिलं. मजकूर चांगला उतरला होता. तीन ओळी, एकही विशेषण नाही.

"यूनिवर्सिटी में मुझे कोई जानता है?" मी विचारलं.

"नहीं जी."

"कॉलेज में?"

"अब तो सब जानते हैं," भसीन म्हणाले. "पर मिलने की किसी को उम्मीद नहीं है."

"तो रहने दीजिए," मी म्हणालो.

वृंदाने न विचारता त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. जाताना भसीन साहेब दारात थांबले, मला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "एक रिक्वेस्ट है. कॉलेज की तरफ़ ज़रा कम आइएगा." फळांची करंडी मात्र त्यांनी ठेवून दिली. दिलेली वस्तू परत कशी न्यायची, हे त्यांनाही ठरवता आलं नसावं.

जुलैत वर्ग सुरू झाले. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडे पुस्तक होतं. बहुतेकांच्या फोनवर; ज्यांना कागदच लागतो त्यांना फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला स्पायरल घालून देत होता. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, की मॅडम, पान साठवरचं उत्तर चुकलंय. तनया घरी आली ती नाचत. मागच्या रांगेतून प्रश्न आला, तोही पुस्तक समोर धरून! त्याच संध्याकाळी उत्तर दुरुस्त झालं आणि सगळ्यांच्या फोनवर पोचलं. पान साठ मी स्वतः दोनदा तपासलं होतं. त्याचा उल्लेख कोणी केला नाही, मीही केला नाही.

यापुढे हे प्रकरण मिटेल असं मला वाटलं होतं. पण ऑगस्टमध्ये तनयाला रसायनशास्त्राच्या सक्सेना सरांचा फोन आला. भसीन साहेबांनी त्यांना काय सांगितलं होतं, कोण जाणे. सक्सेनांना त्यांच्या विभागात एक खुलं, मोफत पुस्तक लावायचं होतं.

"कौन-सी किताब, सर?"

"वो आप देख लीजिए, कोई भी अच्छी-सी. पन्ना मैं लिखवाकर भेज रहा हूँ. पिताजी की बरसी नवंबर में है."

पाठोपाठ इतिहासाच्या मॅडम आल्या, त्यांच्या मावशीसाठी. वाणिज्यवाल्यांनी दोघा काकांसाठी दोन पुस्तकं विचारली; हिशेबाचं एक आणि कायद्याचं एक. तनयाने दोन वर्षं खुल्या पाठ्यसाहित्यावर परिसंवाद घेतले होते. तिथे माणसं समोसा येईपर्यंत बसत. आता तिला रोज संध्याकाळी कोणाच्या तरी दिवंगत नातेवाइकासाठी चांगलं, खुलं पाठ्यपुस्तक शोधायला बसावं लागतं. ती विषयाशी जराही तडजोड करत नाही. सक्सेनांच्या पिताजींसाठी तिने तीन पुस्तकं नापास केली. गर्गजींनी समयांचा नवा ब्लॉक बनवून घेतला आहे.

परवा भौतिकशास्त्राचे डॉ. कालरा घरीच आले. मी हयात आहे, हे भसीन साहेबांनी त्यांना खाजगीत सांगून ठेवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, एकटेच असतात. चहा घेतला, पोहे नको म्हणाले, मग घेतले. बराच वेळ प्रयोगशाळेविषयी बोलले. पहिल्या वर्षाचं त्यांच्या विषयाचं पुस्तक चौदाशेचं आहे आणि मुलं घेत नाहीत, हे त्यांना या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं होतं. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

"किताब मैंने देख ली है," ते म्हणाले. "बहुत अच्छी है, और फ्री है. अगली जुलाई से लगवानी है. पर दिक़्क़त यह है कि मेरे घर में कोई... मतलब माँ-बाप के नाम की किताब भाई लगवा चुका है, लुधियाना में." त्यांनी कप बशीत ठेवला. "अपने ही नाम से हो सकता है? अभी से?"

तनयाने माझ्याकडे पाहिलं.

"हो सकता है, सर," ती म्हणाली. "हमारे यहाँ मिसाल है."

कालरा खुर्चीत माझ्याकडे वळले. रुग्णाने ऑपरेशन होऊन गेलेल्या शेजाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तकलीफ़ तो नहीं होती?"

"थोड़ी होती है," मी म्हणालो. "पर किताब लग जाती है."